कचऱ्याचा ठेला कोणी नेला?

कॉलेजच्या फाटकावर सकाळीच गर्दी जमली. कचऱ्याचा ठेला जागेवर नव्हता.

ठेला म्हणजे तीनचाकी सायकल, मागे लोखंडी पिंजरा. हुडकेश्वरातल्या त्या गल्लीचे पुठ्ठे, बाटल्या, रद्दी त्यातून कॉलेजच्या शेडमध्ये जायची आणि तिथून पुढे कारखान्यात. डिझेल नको, धूर नको, म्हणून घरोघरी पाळ्या लावल्या होत्या. ज्याची पाळी त्याच्या दारात ठेला उभा, पायडलही त्यानेच मारायचं. शेड सांभाळायचा प्रशिक, हॉस्टेलात राहणारा पोरगा. भंगारातल्या सायकली जोडून पोरापोरींना बसस्टॉपपर्यंत जायला त्यानेच दिल्या होत्या.

साखळीचं कुलूप तोडलेलं नव्हतं. किल्लीने उघडलेलं होतं.

"किल्ल्या कोणाकडे?" मुग्धा मॅडमनी विचारलं. हॉस्टेलच्या वार्डन त्याच, ठेल्याचं कामही त्याच बघायच्या.

"एक माझ्यापाशी," प्रशिक म्हणाला. "एक गल्लीची, ते भागीरथा आजीपाशी."

भागीरथाबाई गर्दीतून पुढे आल्या. त्या आधीच तापलेल्या होत्या. ठेच्यावर घ्यायला जवसाचं तेल नाही, म्हणून सुनेला, मिनलला, चार शब्द ऐकवून त्या घरून निघाल्या होत्या. सावनेरच्या शेतातलं जवस, घाण्याचं तेल. बाकी गल्ली पाकिटातलं तेल खाते, हे त्या येताजाता सगळ्यांना सांगत.

"माझी किल्ली खिळ्याले टांगली हाय. पाहूनच आली मी," त्या म्हणाल्या. "माझ्या घरातलं कोणी दुसऱ्याच्या वस्तूले हात लावत नाही. मग राहिला कोण? हा प्रशिक. हाच चोर. विकला असन कुठं भंगारात."

सगळे प्रशिककडे बघू लागले. त्याने मान खाली घातली नाही, म्हणून तो लोकांना जास्तच चोर वाटला.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "प्रशिक, संध्याकाळपर्यंत ठेला मिळाला नाही तर खोली सोडावी लागेल. वरून तसंच सांगितलंय."

मागे मिनल उभी होती. ती पदराने तोंड पुसत घरी निघून गेली.

भागीरथाबाईंना आता पुरावाही स्वतःच आणून द्यायचा होता. दुपारी नातीला, काजलला, बघायला गांधीबागेतले कापडवाले पाहुणे येणार होते. त्यांच्या कानावर जाईल की चोर पकडला तो या बाईने.

त्यांनी चौकीदार गोलूला गाठलं.

"रात्री झोपला होता न गा तू?"

"नाही वं माय. खाट फाटकाले लावूनच होती."

"मग ऐकू काहून नाही आलं? तो ठेला चालला का सारी गल्ली उठते."

"तेच तर मले समजून नाही राहिलं. कुईकुई नाही, काही नाही."

"पिऊन पडला असशीन."

"काल गुरुवार होता. गुरुवारी मी घेत नाही."

गोलूला सोडून त्या प्रशिककडे वळल्या. "ग्रीस लावून नेला तू. म्हणून वाजला नाही."

"ग्रीस शेडमध्ये बंद हाय, आजी. अन् मले न्यायचाच असता तर रात्री चोरून काहून नेऊ? मी दिवसाही नेतो. कोणी विचारत नाही."

भागीरथाबाई म्हणाल्या, "तोंड लय चालते तुह्यं."

ठेला उभा राहायचा ती जागा बघायला त्या वाकल्या. चाकं असायची तिथे काळे ओले डाग होते आणि डागांवर मुंग्यांची रांग लागली होती. ग्रीसला मुंग्या लागत नाहीत. त्यांनी डागावर बोट टेकवलं, नाकाला लावलं.

त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

"काय सापडलं, आजी?" गोलूने विचारलं.

"काही नाही," भागीरथाबाई म्हणाल्या आणि घराकडे निघाल्या. बोट मात्र पदरात गुंडाळून.

मिनल आलूबोंड्याचं पीठ भिजवत होती.

"तेलाची शिशी कशानं सरली वं?"

"सांडली, आत्याबाई."

"कुठं? घरात तर डाग दिसून नाही राहिला."

मिनल पीठ फेटत राहिली.

"आज ठेल्याची पाळी कोणाची?"

"आपली."

"अन् मागच्या आंगणात सतरंजी कशावर टाकली?"

मिनलचे हात पिठातच थांबले. "तुम्हीच म्हटलं होतं, पाहुणे यायच्या दिवशी तो कचरा दारात दिसला तर घरातून काढीन."

"पाळी बदलून घ्याची होती."

"तेही तुम्हीच म्हटलं. आपण कोणाचे उपकार घेत नाही." तिने पिठाचे हात झटकले. "पाहुणे गेल्यावर नेऊन ठेवणार होती. पण तुम्ही फाटकावर त्या पोराचं नाव घेतलं. मंग मी कोणाच्या भरवशावर बोलू?"

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. पाहुणे आले होते.

"आत्याबाई, त्यायले जाऊ द्या. मंग नेऊ," मिनल म्हणाली.

भागीरथाबाईंना हो म्हणायचं होतं. अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी मागच्या अंगणात जाऊन सतरंजी ओढली.

ठेला ढकलत त्या पाहुण्यांच्या गाडीजवळून गेल्या. त्यात गल्लीचा कचरा तसाच होता, आणि चाकं अजून गुपचूप चालत होती.

"बाई, हे काय?" मुलाच्या आईने विचारलं.

"कचरा. आज आमची पाळी हाय. बसा तुम्ही."

फाटकावर प्रशिक पेटी खाली घेऊन आला होता. मॅडम होत्या, गोलू होता, सकाळचे बरेच जण होते. भागीरथाबाई दम न घेताच बोलू लागल्या.

"ठेला माझ्या घरी होता. किल्ली माझ्या खिळ्याची. ठेला वाजला नाही, कारण त्याले तेल पाजलं होतं, खायचं तेल. मुंग्या लागल्या त्याले. वास जवसाचा, अन् या गल्लीत जवसाचं तेल खाते कोण, ते मीच साऱ्याइले सांगत फिरते. सुनेनं नेला, माझ्या धाकानं नेला. कचऱ्याची मलेच लाज वाटत होती."

गोलू वाकून चाकं बघू लागला.

"चला, मिळाला ना," मॅडम घाईने म्हणाल्या. "गैरसमज झाला होता."

"गैरसमज नाही, मॅडम. मी चोर म्हटलं. नाव घेऊन म्हटलं. पहिल्या दिवशी या पोराले आडनाव विचारलं, तेव्हाच माझा चोर ठरला होता."

त्या प्रशिकसमोर गेल्या. हात जोडायचे होते. हात तेलाने आणि गंजाने माखलेले होते, तसेच जोडले.

"चुकली मी, बाबू."

प्रशिकने त्या हातांकडे पाहिलं. मग मॅडमना म्हणाला, "सामान वर नेऊ का?"

"हो, हो. ने की."

त्याने पेटीचा एक कान धरला.

"एक बाजू मी धरू का?" भागीरथाबाईंनी विचारलं.

"नको. होते मले."

पेटी पायऱ्यांवर आपटत वर गेली. घरी पाहुणे खोळंबले होते. भागीरथाबाई खालीच उभ्या राहिल्या. बसा, असं त्यांना कोणी म्हटलं नाही.