डाव्या बाजूचं वजन

हे मी कोणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर घडलं, माझ्याच दुकानात घडलं. ज्याला खोटं वाटेल त्यानं खुशाल खोटं समजावं. माझं वय आता बहात्तर आहे. या वयात कोणाला पटवून देण्याची हौस राहत नाही.

साल १९८१. मे महिना.

हिंगणघाटच्या बाहेर, नागपूर-हैदराबाद रोडवर, वणा नदीच्या पुलाच्या अलीकडे माझं पंक्चरचं दुकान होतं. टिनाचं शेड, एक कॉम्प्रेसर आणि पाण्याचा टब. माझं नाव नत्थू. ट्रकवाले मला हवावाला म्हणायचे.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही नाही. यातलं सगळं उजेडात घडलं, आणि तेच मला आजवर सहन होत नाही.

बापूराव हे कापसाच्या जिनिंगवाल्या एका शेठचे ड्रायव्हर. पन्नाशीचे, अबोल, पांढरी टोपी, पांढरी अँबेसेडर. दर सोमवारी सकाळी सहाला ते माझ्याकडे हवा तपासायला यायचे. सहालाच, कारण टायर थंड असतानाच हवेचं खरं माप लागतं. गाडी दहा-वीस किलोमीटर पळाली, वर आमच्याकडचं ऊन लागलं, की आतली हवा फुगते आणि मीटर भलताच आकडा दाखवतं. बहुतेक ड्रायव्हर दुपारी यायचे आणि मग टायर फुटला म्हणून मला शिव्या द्यायचे. बापूराव तसे नव्हते.

"पुढं चोवीस, मागं सव्वीस," ते दर वेळी सांगायचे. मला पाठ होतं, तरी सांगायचे.

मे महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी ते आले. गाडी उभी केली, उतरले, दातण चघळत बाजूला उभे राहिले.

मी मागच्या डाव्या चाकाकडे पाहिलं. टायर दबलेला होता. खालच्या बाजूला फुगून जमिनीला टेकला होता.

"बापूराव, हे चाक बसलं. पंक्चर दिसते."

मीटर लावलं.

सव्वीस.

पुन्हा लावलं. सव्वीस. उजव्या चाकाला लावलं, तिथंही सव्वीस. पण उजवं चाक ताठ उभं होतं, आणि हे डावं…

हे असं दबलं होतं, जसं कोणी माणूस गाडीत बसला की दबतं.

मी वाकून आत पाहिलं. मागची सीट रिकामी होती. डिक्की उघडली. स्टेपनी आणि जॅक, बस.

मग मी दोन्ही मागची चाकं खोलली आणि अदलाबदल केली. उजव्याचं डावीकडे, डाव्याचं उजवीकडे. जॅक काढला.

डावीकडचं चाक हळूच दबलं.

म्हणजे टायरमध्ये दोष नव्हता.

"स्प्रिंगची कमान गेली असंल," मी म्हटलं. बापूरावांनी दातण फेकलं आणि गाडी घेऊन गेले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण उन्हाळ्यात सगळ्यांचेच चेहरे उतरतात.

पुढचा सोमवार.

मी सवयीनं आधी मागचं डावं चाक पाहिलं. एकदम ताठ.

"झाली का कमान दुरुस्त?"

"कमान चांगलीच होती," बापूराव म्हणाले. "मिस्त्रीनं पाह्यली."

मी पुढे आलो.

पुढचं डावं चाक दबलेलं होतं.

मीटर चोवीस दाखवत होतं. बरोबर चोवीस. गाडीत कोणी नव्हतं, आणि ड्रायव्हरच्या शेजारची जागा कोणीतरी बसल्यासारखी खाली गेली होती. रेक्झिनवर खोलगट जागा पडलेली मी स्वतः पाहिली.

आठवडाभरात त्या वजनानं जागा बदलली होती. मागून पुढे आलं होतं.

"म्या जिनच्या वजनकाट्यावर गाडी चढवली," बापूराव हळू आवाजात म्हणाले. "परवा. कोणी नव्हतं तवा. कागदावर जे वजन लिवलंय त्याहून पन्नास किलो जास्त भरलं."

"टाकी भरली असंल."

"टाकी धरूनच सांगून राह्यलो तुले."

मग ते तिथंच, चाकाजवळ, जमिनीवर बसले. मी त्यांना पाणी दिलं. ते प्यायले नाहीत.

"नत्थू, मी खोटं बोललो रे."

जे सांगितलं ते असं. दोन आठवड्यांपूर्वीचा सोमवार. सकाळी माझ्याकडून हवा तपासून ते शेठला जाम गावाला सोडायला गेले. शेठ तिथं उतरले. दुपारी एकच्या सुमाराला बापूराव रिकामी गाडी घेऊन परत येत होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डांबर वितळलं होतं. एका बाईनं हात दाखवला. डोक्यावर भाजीची रिकामी टोपली, पदर तोंडाला लावलेला. बापूरावांनी गाडी थांबवली.

"भाऊ, मले पुलापर्यंत सोडून द्या," ती म्हणाली. "मले चक्कर येऊन राह्यली."

शेठचा हुकूम होता, गाडीत कोणाला घ्यायचं नाही. पण तसं सांगायला बापूरावांना लाज वाटली.

"मी म्हटलं, बाई, टायरमधी हवा कमी हाये. वजन झेपणार नाई. असं म्हटलं अन् निंघून आलो."

संध्याकाळी ती बाभळीखाली मेलेली सापडली. लू, म्हणजे उन्हाची झळ, लागली होती. तिचं नाव जयवंता. पुलापलीकडे, रोडपासून आत चार किलोमीटरवरच्या गावची. गावाचं नाव मी लिहीत नाही, तिची माणसं अजून आहेत.

त्या सकाळी त्या चारही टायरांत हवा मीच भरली होती.

"तिच्या घरी जा," शेवटी मी म्हटलं. "जे खरं हाये ते सांगा."

"एकट्यानं नाई जमत."

"मी येतो."

हे मी का म्हटलं, देव जाणे.

गुरुवारी शेठ रेल्वेनं नागपूरला गेले. आम्ही अकरा वाजता निघालो. मी मागे डाव्या बाजूला बसलो. ती बाजू आता मोकळी होती.

माझ्या समोरची सीट रिकामी.

पूल ओलांडला, कच्च्या रस्त्याला लागलो. प्रत्येक खड्ड्यात पुढच्या सीटची स्प्रिंग कुरकुरायची. बापूरावांच्या खालची नाही. शेजारची.

पुढची डावी काच खाली केलेली होती. बाहेर भट्टीसारखी लू वाहत होती. उजवीकडून ती माझ्या तोंडावर येत होती. डावीकडून मात्र…

डावीकडून वाराच येत नव्हता.

पुढे कोणी बसलं असलं, की त्याच्या अंगानं जसा अडतो, तसा अडत होता.

मी सरकून उजवीकडे गेलो.

घर गावाच्या टोकाला होतं. मातीचं, कवेलूच्या छपराचं. दारात जयवंताची सासू रुख्माबाई उभी होती. साठीची, काटक, हातात सूप. तिचा मुलगा तानबा, जयवंताचा नवरा, वाडीत गेला होता. वांग्याला पाणी द्यायला.

बापूरावांनी टोपी काढली. हात जोडले. सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

म्हातारीनं पूर्ण ऐकून घेतलं. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. फक्त एकच विचारलं.

"हवा खरंच कमी होती काय?"

"नाई," बापूराव म्हणाले. "यानंच सकाळी भरली होती."

तिनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरलेलो नाही.

आणि तेवढ्यात आमच्या मागे आवाज आला.

कर्र…

मी वळलो. गाडीची डावी बाजू वर उचलली जात होती. सावकाश. कोणी उतरताना उचलली जाते तशी. दार बंदच होतं. पुढचं चाक दबलेलं होतं ते गोल झालं, ताठ झालं.

रुख्माबाईनंही ते पाहिलं.

तिनं सूप छातीशी धरलं आणि दारातून एका बाजूला सरकली. अंग चोरून.

कोणाला आत जायला वाट द्यावी, तशी.

परत येताना गाडी हलकी चालली. दोन्ही काचांतून लू सारखीच येत होती. बापूराव रडत गाडी चालवत होते. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः जाऊन चारही चाकं तपासली. पुढे चोवीस, मागे सव्वीस. चारही ताठ.

बापूरावांनी मात्र आठवडाभरात नोकरी सोडली आणि देवळीला बहिणीकडे निघून गेले. ते पुन्हा कुठल्या गाडीत बसले नाहीत असं कोणी सांगितलं. खरं-खोटं माहीत नाही.

मी आपलं दुकान चालवत होतो. ते तिथंच संपलं असं धरून.

जून लागला होता. पाऊस अजून नव्हता. दुपारी बारा-साडेबाराची वेळ, मी सावलीत ट्यूब घासत बसलो होतो.

पुलाकडून एक म्हातारी चालत येताना दिसली. एवढ्या उन्हात, अनवाणी. जवळ आली तेव्हा ओळखलं.

रुख्माबाई.

शेडमध्ये एक सागाची फळी दोन दगडांवर टाकलेली असायची, गिऱ्हाइकाला बसायला. ती तिच्यावर बसली. फळी मध्ये वाकली. मी पाणी दिलं, ते प्यायली.

"डायवर कुठी हाये?"

"देवळीले गेला माय. नोकरी सोडली त्यानं."

ती बराच वेळ रोडकडे पाहत राहिली.

"तानबा जेवत नाई," मग म्हणाली. "झोपत नाई. घरात रिकामी बाज वाकते, बाबू. तिच्यावर कोणी नसते अन् ते वाकते. दोनदा नवी दोरी बांधली. दोन्ही खेपा मधातून तुटली."



"जित्यापणी तिले मी लेकीवानी ठेवलं. पन आता मले तिचं भेव वाटते. तुम्ही तिले रस्त्यावर सोडलं, अन् मंग माह्या घरी आनून सोडलं. काऊन आनलं? मी मांगतली होती काय?"

"माय, आम्हाले वाटलं का तिले घरी जायाचं हाये…"

"तुम्हाले वाटलं."

एवढंच म्हणाली ती. आवाज चढवला नाही.

मी म्हटलं, पूजा करा, कोणाला तरी दाखवा. ती माझ्याकडे अशी पाहत होती, जसा मी लहान पोर आहे.

मग तिनं पदरानं तोंड पुसलं. पेला धुऊन जागेवर ठेवला. आपल्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे एकदा पाहिलं आणि अगदी हळू, घरच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली,

"तू इथी बस. मी जातो आता."

आमच्याकडे बायाही जातो, येतो असंच बोलतात. त्यात काही नवल नव्हतं. पण ती माझ्याशी बोलत नव्हती.

ती उठली. वळून न पाहता पुलाकडे चालू लागली. येताना वाकलेली होती. जाताना चांगली ताठ, भराभर चालत होती.

मी ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं. मग फळीकडे वळलो.

फळी वर आली नव्हती.

मध्ये, तशीच, वाकलेली होती…

मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. एक ट्रक आला, हवा हवी म्हणून हॉर्न वाजवला, कंटाळून निघून गेला. वारा पडला होता. टिन तडतडत होतं. फळी हलत नव्हती.

कॉम्प्रेसर बंद केला. सायकल शेडला टेकवलेली होती. तिला मागे कॅरिअर होतं.

मी सायकलला हात लावला नाही. पायीच घरी गेलो, भर उन्हात.

ते दुकान मी पुन्हा उघडलं नाही. सामान कोणी नेलं, फळीचं काय झालं, विचारलं नाही. पुढे रोड रुंद झाला तेव्हा ती जागाच राहिली नाही. मी देवळीला आलो आणि किराणा टाकला. बापूरावांचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. ते वारले तोवर आम्ही एकमेकांकडे कधी गेलो नाही.

माझ्या घरी खुर्ची नाही. खाट नाही, सोफा नाही. पाहुणा आला तरी सतरंजीवर बसतो. नातवंडं हसतात, सुना नाराज असतात. मुलगा म्हणतो, बाबा, गुडघे दुखतात तुमचे, एक पलंग तरी घेऊ.

मी नाही म्हणतो. आम्ही सगळे फरशीवर झोपतो.

फरशी वाकत नाही. घरात कोण कोण आहे, ते मला कळत नाही.