मागची सीट

एक कोट पोचवायचा होता, बाकी काही नाही. तळ्यापलीकडच्या पंपघरात पाण्याच्या मोटारी सांभाळणारा मिस्त्री थंडीने कुडकुडत होता, आणि त्याच्या कोटाला नवं अस्तर लावून मावशीने तो शनिवारीच घडी घालून ठेवला होता. साऱ्या गल्लीची ती मावशी. शिवणाचं दुकान, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. त्यामुळे रागावली तरी ओठ मिटूनच रागवायची. रविवारी तिकडे बस जात नाही. पण खरं सांगायचं तर, बस असती तरी त्या दिवशी ती बसने गेली नसती.

अंगणात जोडसायकल उभी होती. दोन सीटांची. पुढचा माणूस हँडल वळवतो, ब्रेक दाबतो. मागचा नुसते पाय मारतो. पुढची-मागची पेडलं साखळीने एकमेकांना बांधलेली, एकाचे पाय फिरले की दुसऱ्याचे फिरणारच. मावशी कायम पुढे, नवरा कायम मागे. तो तिला 'कप्तान' म्हणायचा, ती त्याला 'सामान'.

"अहो सामान, पाय मारताय की झोपलात?"

"मारतोय की! तुला जाणवू नयेत इतके अलगद मारतोय."

नऊ वर्षांपूर्वी तळ्याच्या उतारावर खडीवरून चाक घसरलं. त्याला नुसतं खरचटलं. तिच्या मांडीच्या हाडाचे दोन तुकडे झाले. हाडात सळई बसली, पायाने चालवायचं मशीन जाऊन विजेचं आलं, सायकल मागच्या खोलीत गेली. तो मात्र दर महिन्याला सायकलला तेल घालायचा आणि म्हणायचा, "एकदा तरी चल गं, नुसतं तळ्यापर्यंत." ती म्हणायची, "बघू." दोन वर्षांपूर्वी एका दुपारी तो खुर्चीत बसल्या बसल्या गेला, आणि ते 'बघू' तिच्या घशात तसंच अडकून राहिलं.

आदल्या दिवशी लेकीने सायकल पुसून चाकांत हवा भरली होती. मागे तीच बसणार होती. पण सकाळी ती नोकरी करते त्या शाळेतून फोन आला, पाण्याची टाकी फुटलीय, लगेच या. जाताना तिने बजावलं, "मी येईपर्यंत थांब हं आई. एकटी जायचं नाही."

"जा गं तू. मी काय लहान आहे?"

लेक कोपऱ्यावरून वळली आणि मावशीने कोट सायकलच्या टोपलीत ठेवला.

धुकं इतकं दाट होतं की पुढचं चाक दिसायचं, त्यापुढचा रस्ता नाही. पहिली शंभर पावलं सायकल दारू प्यायल्यासारखी चालली. मग हातांना आठवलं, पायांनाही आठवलं. ओल्या मातीचा आणि शेवाळ्याचा वास आला, म्हणजे तळं आलं. डाव्या हाताला पाणी होतं, पण दिसत नव्हतं; काठावर मधूनच काहीतरी चुळुक करायचं, तेवढंच.

चढ लागला आणि मांडीतली सळई ठणकू लागली. अर्ध्यावर पाय थरथरायला लागला. आता उतरावं लागणार, असं मनात येतंय तोच…

पेडलं हलकी झाली.

थोडी नाहीत, एकदम. जणू तिचे पाय कुणी तळहातांवर घेतले आणि फिरवू लागलं. मागच्या सीटची स्प्रिंग कुरकुरली. कुणीतरी नीट सावरून बसताना कुरकुरते तशी.

ती घाबरली नाही. तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

"अहो… तुम्हीच ना?"

मागून नुसता श्वास ऐकू येत होता, सावकाश, न दमलेला.

"आज बरे पाय मारताय! जन्मभर कामचुकारपणा केलात…" तिचा आवाज चिरकला. "मी तेव्हाच यायला हवं होतं हो. चुकलंच माझं. रागावला नाहीत ना?"

श्वास तसाच. चढ संपला, उतार लागला. तोच उतार. तिने पाय थांबवले. पेडलं थांबली नाहीत.

सायकलचा वेग वाढला. तिचे पाय पेडलांबरोबर गरगर फिरू लागले. वारा कानांत घुसला. तिने ब्रेक दाबले. रबर किंचाळलं, जळका वास आला, तरी मागचे पाय मारतच राहिले.

"अहो, पुरे… थांबा ना…"

चाकाखाली खडी करकरली. तीच जागा.

"माझा पाय… दुखतोय हो…"

पेडलं जागच्या जागी थांबली. सायकल हळूहळू, अगदी सरळ, उताराच्या तळाशी जाऊन उभी राहिली. मावशीने हँडलवर डोकं टेकलं आणि पोटभर रडून घेतलं. दुखतंय म्हटल्याबरोबर हातातलं सगळं टाकून धावणारा एकच माणूस तिला माहीत होता.

मिस्त्रीने कोट तिथेच अंगात घातला. परतीच्या वाटेवर पेडलं अलगद फिरत होती. ती मागे बसलेल्याला सगळं सांगत आली: लेकीची नवी नोकरी, दुकानाचा बदललेला दरवाजा, रात्री अजूनही त्याची उशी शेजारी ठेवून झोपते ते. दारात उतरल्यावर ती हळूच म्हणाली, "घरात या ना."

लेक परत आली होती. आधी भरपूर ओरडली. मग आईचा चेहरा बघून तिने तिला खुर्चीत बसवलं. मावशीने सगळं सांगितलं, अगदी "बाबा होते गं मागे" इथपर्यंत. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, हसल्या. लेकीने चहा ठेवला आणि सायकल आत घ्यायला ती अंगणात गेली.

ती लवकर आत आली नाही.

"आई… वाटेत कुणाला बसवलंस का मागे?"

"नाही गं. का?"

"मग सीट कुणी वर केली?"

मागची सीट चांगली वीतभर वर गेली होती. इतकी वर्षं नळीच्या आत दडलेला दांडा बाहेर आला होता, कोरा, चकचकीत. लेकीने पाना लावून नट फिरवून पाहिला. गंजून घट्ट बसलेला. तसूभर हलला नाही.

"कालच मी पुसली होती ही सीट. पार खाली होती. बाबा केवढेसे, त्यांना तर खालूनही टाचा उंचवाव्या लागायच्या." तिचा आवाज एकदम खाली आला. "आई… इतक्या वरून बाबांचे पाय पोचलेच नसते."

मावशीही अंगणात आली. ती त्या सीटसमोर उभी राहून अंदाज घेत होती. आयुष्यभर लोकांची मापं घेतलेली बाई ती. एवढ्या वर बसून पेडलापर्यंत पाय पोचायचे तर माणूस किती उंच हवा, हे तिला टेप न लावताही कळलं. आणि तेवढा उंच माणूस तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.