इर्माने ओ दिली

आधीच सांगते, यातलं एक अक्षरही मी जुळवलेलं नाही. माझ्या सेनोबियामावशीने हे स्वतः भोगलंय, आणि ती चेष्टेतसुद्धा खोटं बोलत नाही.

एक नोव्हेंबर. आमचा पितरांचा दिवस. शहर ओरुरो.

सेनोबिया आणि तिची धाकटी बहीण इर्मा ला पाझहून तुपिसाला, माझ्या आजीकडे निघाल्या होत्या. पुढे खाणकामगारांनी रस्ता अडवला. बस ओरुरोतच थांबली.

"आज काही हलत नाही," ड्रायव्हर म्हणाला आणि सीटवर चक्क आडवा झाला.

इर्माला तर सुट्टीच मिळाली! भूक मात्र कडाडून लागलेली.

"ताई, दारावर काळं कापड दिसलं की घुसायचं. प्रार्थना म्हणायची, पाव हाणायचे. फुकटात जेवण!"

"लाज आहे का जरा?"

"आहे ना. पण उपाशी आहे बिचारी."

तसं आमच्याकडे हे चालतं. मेलेली माणसं त्या दुपारी घरी जेवायला येतात, दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला परत जातात. मधल्या वेळात कुणीही यावं, त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. घरचे त्याची पिशवी पावांनी भरून देतात.

गल्लीच्या टोकाला काळं कापड दिसलं.

गल्लीभर प्रार्थनांचा गजर चालला होता...

उंबरा ओलांडला आणि सगळं बंद.

आत टेबलावर पाव, केळी, मधोमध एका मुलीचा फोटो. भिंतीला टेकून घरची माणसं बसलेली.

एक म्हातारी उठली. तिने इर्माचा चेहरा ओंजळीत धरला.

"फेलिसा... आलीस, बाळा?"

फोटोतली मुलगी इर्मासारखी अजिबात दिसत नव्हती.

सेनोबिया तोंड उघडणार, तोच इर्माने तिला चिमटा काढला. डोळा मारला. तिची नजर पावांच्या टोपलीवर!

"हो आई, आले ना! खूप भूक लागलीय गं."

मेलेल्याच्या नावाने हाक आली तर ओ द्यायची नाही. त्या दिवशी तर नाहीच. आमच्यातलं शेंबडं पोरही हे जाणतं.

घरातले सगळे हसले... आवाज न करता.

म्हातारी भरवत राहिली. इर्मा खात राहिली. खातच राहिली...

"इर्मा, पुरे. ऊठ."

इर्माने वर पाहिलं.

"आई, ही कोण गं?"

सेनोबिया आधी हसली. मग रडली. मग थोबाडीत मारली. शेवटी तिला फरफटत दाराबाहेर काढलं.

कुणीच अडवलं नाही.

"ने की," म्हातारी दारातून म्हणाली. "उद्या दुपारपर्यंत तुझीच."

रात्रभर बसमध्ये सेनोबिया तिच्या कानाशी "इर्मा, इर्मा" करत होती. एकदा तरी ओ दे म्हणून. इर्मा समोर बघत बसलेली.

सकाळी रस्ता मोकळा झाला. बस निघाली.

बारा वाजले...

"ताई," इर्मा म्हणाली. स्वतःच्या आवाजात. "मला धर. ती म्हातारी ओढतेय."

सेनोबियाने धरलं. जीव खाऊन धरलं...

हात गार पडला तरी सोडला नाही.

आजी आता दरवर्षी इर्मासाठी टेबल मांडते. काठोकाठ पाण्याचा पेला ठेवते. घरी आलेल्या पितरांचं पाणी थोडं तरी कमी होतंच.

इर्माचं होत नाही.

"रुसलीय माझ्यावर," आजी म्हणते आणि आणखी पाव भाजते.

इर्मा कुठे जेवायला जाते हे मावशीला ठाऊक आहे. आता मलाही.

आजीला सांगायची दोघींचीही छाती होत नाही.