देवश्रीच्या शेजारची जागा

हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकडा गावाहून जीपनं अर्ध्या तासावर असलेल्या त्या गावात फेब्रुवारी लागला की शाळेच्या मैदानावर हळद वाळत घालतात. उकडलेल्या हळदीचा उग्र वास वर्गात भरून राहतो आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. गावाला त्रास होता तो फक्त आठ वर्षांच्या देवश्रीचा.

देवश्री बोलत नसे. अधूनमधून मात्र एकदम ओरडायची. लांबलचक, कानठळ्या बसवणारी किंकाळी, शेवटाला फाटून दोन तुकडे होणारी. मग तिची आई मंजुषा तिच्या पाठीवर हळू थोपटायची. तीनदा, जरा थांबून पुन्हा तीनदा. पोर शांत व्हायची. शाळेत एवढंही करायला कुणी तयार नव्हतं. तिच्या शेजारी आपलं लेकरू बसवायचं नाही, असं आयांनी ठरवूनच टाकलं होतं. सगळी मुलं सतरंजीवर, आणि देवश्रीला दाराशी वेगळं बस्कर.

अशा मुलांना शिकवणाऱ्या हिंगोलीच्या बाईंनी मंजुषाला एक वही दिली होती. लेकरू उगाच ओरडत नाही, काहीतरी सांगत असतं. ओरडण्याआधी काय झालं, नंतर काय झालं, ते रोज लिहा, असं त्या म्हणाल्या होत्या. मंजुषानं चार महिने लिहिलं. 'आधी'चा रकाना कोराच राहिला. 'नंतर'च्या रकान्यात दर वेळी एकच: सात मिनिटांनी जमीन गुरगुरली.

जमीन दोन वर्षांपासून गुरगुरत होती. साहेब लोक यंत्रं लावून गेले, सापडलं काहीच नाही. गावाला मात्र देवश्री सापडली. हीच पोर ओरडून जमिनीखालचं काहीतरी जागं करते, असं म्हणत सरपंच व्यंकटराव सोमवारी भर दुपारी चार माणसं घेऊन शाळेत आले. मुलं बाहेर जेवायला बसली होती. हेडमास्तर सोमेश्वर सरांनी निमूट हजेरीपट काढला. आठ वर्षांच्या पोरीचं नाव खोडताना माणसाचा हात जरा तरी अडखळायला हवा.

निरोप मिळताच धावत आलेल्या मंजुषानं वही सरपंचांसमोर टेबलावर आपटली.

"तात्या, वाचा हे. तिला आधी ऐकू येतं, तुमाला मागून. ती सांगून राहिली, आन् तुमी तिलाच हाकलून राहिले."

"मंग आता वरडून दाखव म्हणावं," व्यंकटराव म्हणाले.

पाच बाप्ये पोरीच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. मंजुषाचं डोकं सणकलं. तिची लेक काय तमाशा होती?

देवश्री बस्करावर बसली होती. तोंड मिटलेलं.

किंकाळी आली.

फरशीखालून.

आवाज देवश्रीचाच. तसाच लांबलचक, शेवटाला फाटून दोन तुकडे होणारा. सरांचं पेन नावावरच थांबलं. व्यंकटराव भिंतीला टेकले.

मंजुषा लेकीला उचलायला धावली. देवश्रीनं तिचा हात बाजूला सारला. मग ती वाकली आणि तळव्यानं फरशी थोपटू लागली.

तीनदा. जरा थांबून पुन्हा तीनदा.

किंकाळी हुंदक्यांवर आली. मग हुंदकेही थांबले.

दारातून हळदीचा वास येत होता.

खालून उत्तर आलं. तीन थापट्या, अगदी हलक्या.

देवश्री बस्कराच्या कडेला सरकली. एका लेकराला बसता येईल, एवढी जागा तिनं शेजारी मोकळी करून दिली.