नखाची खूण

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. तेही रविवारी भर दुपारी, लख्ख उजेडातल्या प्रयोगशाळेत.

मावशीचं काम नाजूक. न उमललेल्या कळीतले कच्चे पराग काचेच्या बशीत ठेवायचे आणि त्यातून इवलेसे गर्भ वाढवायचे. बी नको, काही नको, नुसत्या परागातून रोप! त्यामुळे नवं वाण लवकर हाती येतं. फक्त कळी नेमक्या वयाची हवी. जरा जून झाली की सगळी मेहनत पाण्यात.

हे तिला शिकवलं नखवाल्या बाईंनी. बाई कळी बोटांत धरून नुसती बघायच्या. जून निघाली की अंगठ्याच्या नखानं टक् करून तिच्यावर अर्धगोल खूण उठवायच्या.

खूण दिसली की कळी बाद. टाकून द्यायची.

मावशीनं सगळं शिकून घेतलं आणि मग साहेबांचे कान भरले. "बाईंना आता दिसत नाही हो. जून कळ्या लावतात."

धडधडीत खोटं! गुरूची विद्या गुरूलाच. बाईंची जागा मावशीला मिळाली.

जाताना बाई दारात थांबल्या. "जून झालं की टाकून द्यायचं. मीच शिकवलंय ना तुला?"

पुढे बाई वारल्या. मावशी शेवटचं बघायलाही गेली नाही.

मग झाडांच्या काचघरात रोग शिरला. त्याला पुरून उरलेलं एकच झाड राहिलं, तेही सुकत चाललेलं. साहेब म्हणाले, "याच्या कळ्यांतून गर्भ आले तर नोकरी. नाहीतर घरी बसा."

म्हणून त्या रविवारी मावशी एकटीच आली. शेवटच्या कळ्या तोडून तिनं बर्फावरच्या डबीत ठेवल्या. चिमटा घ्यायला पाठ वळवली आणि...

टक्.

मागे कुणी नव्हतं. एका कळीवर मात्र अर्धगोल खूण होती.

"कीड असेल," ती पुटपुटली. पण हाताला सवय... कळी उचलली आणि टाकली.

टक्... टक्...

तिनं पंखा बंद केला. डबीला झाकण लावलं.

आता आवाज डबीच्या आतून येत होता...

मावशीची पाचावर धारण बसली. पण पळून जाते कुठे? नोकरीचा प्रश्न होता. खूण उठलेली प्रत्येक कळी ती टाकत गेली आणि बिनखुणेच्या बशांत लावत गेली. शेवटच्या कळीवर तर तिच्या डोळ्यांदेखत खूण उमटली.

आता तिचं डोकं फिरलं. "मेलीस तरी छळतेस का गं, म्हातारे? ही मी लावणारच. बघू काय करतेस!"

काही आठवड्यांनी साहेबांसमोर तिनं उबदार कपाट उघडलं. एकेक बशी बाहेर काढली.

सगळ्या मेलेल्या.

फक्त एक बशी पिवळसर गर्भांनी गच्च भरली होती. तीच... खूण असलेल्या कळीची.

मावशीला आत्ता कळलं. खुणा चांगल्या कळ्यांवर होत्या. त्या तिनं स्वतःच्या हातांनी टाकल्या होत्या. आणि झाड तर केव्हाच वाळून गेलं होतं.

"ही एक तरी आहे," म्हणत साहेबांनी बशीला हात लावला...

टक्.

झाकणाला अर्धगोल तडा गेला. दोन दिवसांत आत बुरशी माजली. मावशीला घरी बसवलं.

हल्ली ती आमच्याकडे राहते. तिच्या मनगटावर एक अर्धगोल वळ आहे. काही केल्या जात नाही. दुखतो का म्हणून विचारलं, तर खेकसते आणि तो हात पाठीमागे लपवते.

परवा आम्ही सगळे गप्पा मारत बसलो होतो. आणि मध्येच...

टक्.

मी एकट्यानं नाही, सगळ्यांनी ऐकलं.

मावशीनं दुसरा हातही पाठीमागे लपवला.