सावली गाठायला कशानं जायचं?

"आगगाडी वेळेवर आहे, जागा खिडकीची आहे, आणि तू म्हणतेस जायचं नाही!" आत्यानं पिशवी स्टेशनातल्या बाकावर आपटली. "अगं मोजपट्टी, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

मोजपट्टी हे नाव आत्यानंच ठेवलेलं. ती प्रयोगशाळेत भिंगांची जाडी मोजायची, आणि घरी भाजीत मीठ घालतानाही चमचा डोळ्यांसमोर धरून बघायची.

"गाडी वेळेवर पोचेल गं आत्या. पण पोचेल ती ढगांखाली." तिनं फोनवरचं ढगांचं ताजं चित्र पुढे केलं. "दुपारी सूर्य पूर्ण झाकला जाईल तेव्हा त्या शहरावर हे एवढं पांढरं असणार. मग आपण बघायचं काय… छत्र्या?"

कॉलेजात असताना एक खग्रास ग्रहण तिच्या डोळ्यांदेखत ढगांत बुडालं होतं. तेव्हापासून तिनं सुट्ट्या साठवल्या, परक्या देशाचा नकाशा तोंडपाठ केला आणि आत्याला सोबत घेऊन इथवर आली. आता पुन्हा तेच होणार की काय, या विचारानं ती सकाळपासून सारखी ढगांचं चित्र उघडून बघत होती.

"मग जायचं कशानं? मला पाठुंगळी घेतेस?"

"भाड्याची मोटार घ्यायची. रूळ काही वळत नाहीत आत्या, मोटार वळते. ढग नसतील तिकडे जाता येतं. पण…"

"पण तुला चालवता येत नाही."

"मला येते," मागून कुणीतरी स्वच्छ मराठीत म्हणालं.

दोघी गर्रकन वळल्या. मोटारी भाड्यानं देणाऱ्या खिडकीपाशी एक उंच तरुण उभा होता. हातात नुकतीच मिळालेली किल्ली, आणि ओठांवर दाबून ठेवलेलं हसू.

"माफ करा हं. इतक्या दिवसांनी मराठीतलं भांडण कानावर पडलं, राहवलं नाही. मी दातांचा डॉक्टर. इथं बहिणीकडे आलोय. ती म्हणाली, ग्रहण बघून ये… पण कुठून बघायचं, ते तिलाही ठाऊक नाही."

मोजपट्टी आत्याच्या कानाशी लागली. "अनोळखी माणूस आहे."

"थांब, बघते." आत्यानं गाल पुढे केला. "काय रे, माझी ही डावीकडची दाढ गार पाणी लागलं की ठणकते. का?"

"हिरडी खाली सरकली असेल. ब्रश फार जोरात घासता का?"

"घासते बाई!" आत्या चमकली. "खरा आहे गं. चल."

फलाटावर आगगाडीचे दरवाजे बंद झाले. खिडकीच्या दोन रिकाम्या जागा तिच्या डोळ्यांसमोरून निघून गेल्या. आता मागे फिरायला वाट नव्हती. ती पुढच्या सीटवर त्याच्या शेजारी बसली.

या देशात सगळंच उलट्या बाजूला. स्टिअरिंग डावीकडे, आणि त्यामागच्या दांड्यांचीही अदलाबदल झालेली. पहिल्या चौकात त्यानं वळण्याचा दिवा लावायला दांडी ओढली, आणि कोरड्या काचेवर वायपर खडखडा नाचू लागले. दुसऱ्या चौकात तेच. तिसऱ्या चौकात ती खुदकन हसली. मागे आत्या डोळे मिटून म्हणाली, "वळण आलं वाटतं."

"तुम्ही नेहमीच इतक्या गप्प असता?" त्यानं विचारलं.

"मोजतेय."

"काय?"

"ढगांचा वेग."

"आणि माझा?"

"तुमचा… जरा जास्तच आहे." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. कानाच्या पाळ्या मात्र तापल्या होत्या.

एका मोठ्या सरोवराच्या काठानं रस्ता लागला, आणि मोटारींच्या रांगेत सगळं ठप्प झालं. साऱ्या जगाला आजच, याच वाटेनं जायचं होतं. तिनं ग्रहण बघायचा काळा चष्मा लावून वर पाहिलं. सूर्याचा एक कोपरा केव्हाच कुरतडला गेला होता. आणि डोक्यावर, नको तिथं, कापसासारखे ढग फुगत होते.

"गेलं," ती म्हणाली. तिनं दात आवळले. "पुन्हा गेलं."

"तोंड असं घट्ट आवळू नका, दात झिजतात." तो हळूच म्हणाला. "मोजा ना. इतका वेळ मोजत होतात. अजून कुठं जाता येईल?"

तिनं पाण्याकडे पाहिलं… आणि पाहतच राहिली. काठावर ढगांची गर्दी, आणि सरोवराच्या मधोमध निळंशार आभाळ!

"पाणी उशिरा तापतं!" ती जवळजवळ ओरडलीच. "दुपारचे ढग तापल्या जमिनीवर धरतात, पाण्यावर नाही. आपल्याला होडी हवी!"

त्यानं एका शब्दानंही शंका काढली नाही. वळणाचा दिवा लावला, वायपर नाचले, मोटार गवतावर चढली. तिघं धक्क्याकडे धावत सुटली. म्हणजे दोघं धावली, आणि आत्या मध्ये धरून आणली गेली. म्हाताऱ्या नावाड्याला खुणेनंच समजलं. होडीत उतरताना तिचा पाय घसरला तेव्हा डॉक्टरनं हात पुढे केला. मग तो हात सोडायचं दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही.

प्रकाश पातळ होत गेला. वारा गार झाला. काठावरचे ढग मागे राहिले, नावाड्यानं इंजिन बंद केलं, पाखरं मुकी झाली… आणि पाण्यावरून सावली धावत आली.

तिनं चष्मा काढला. काळ्या बिंबाभोवती चांदीची जटा पसरली होती, आणि क्षितिजावर चहूबाजूंनी संध्याकाळ उतरली होती. तिला हसूही येत होतं आणि रडूही. मोजायचं काहीच सुचलं नाही.

मग एका कडेला हिरा लखलखला, आणि उजेड परत आला.

"पाहिलंत?" ती धापा टाकत म्हणाली. "ती जटा पाहिलीत? आणि खालच्या कडेला गुलाबी ज्वाला?"

"नाही."

"म्हणजे?"

"मी… तुमच्याकडे बघत होतो."

तिचा पारा चढला. "वेड लागलंय का तुम्हाला? त्या दोन मिनिटांसाठी लोक जगाच्या टोकाला जातात! आगगाडी सोडली, मोटार सोडली, आणि तुम्ही… वर बघितलंच नाहीत?"

"चुकलंच. पुढचं कधी आहे?"

"दोन वर्षांनी. वाळवंटात. तिथं रूळ नाहीत, धड रस्ताही नाही."

"मग जायचं कशानं?"

"उंटावरून. नाहीतर पायी."

"पायी जाऊ. याल माझ्याबरोबर?"

"तिथंही माझ्याकडेच बघत बसणार असाल, तर मुळीच नाही."

तो अगदी हळू, एकेक शब्द जपून ठेवत म्हणाला, "त्याच्या आधीची दोन वर्षं रोज बघू द्या ना. म्हणजे त्या दिवशी वर बघायला मी मोकळा."

होडी डुलत होती. तिनं त्याच्या हातातला हात आणखी घट्ट केला.

"वाळवंटात मी काही येत नाही बाई," आत्या आभाळाकडे बघत म्हणाली. "तुमचं तुम्ही जा."