पिशवी नंबर ४१७

एका सहीतून कमालभाईंना काय मिळणार होतं, ते मला नीट ठाऊक होतं. रिलीज, म्हणजे जुन्या मालकाचं सोडपत्र. ते हातात पडलं की नवा मालक, नवा अकामा म्हणजे राहण्याचा परवाना, आणि बारावीतली अफ्रीन कुवेतमधूनच परीक्षेला बसणार. नाही पडलं, तर महिन्याभरात सगळं बिऱ्हाड हवल्लीहून उठून थेट हर्णैला. मला मिळणार होती मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीतली एसीखालची खुर्ची. दोघांच्या आड एक कपड्यांची पिशवी होती.

ऑगस्ट २०२१. शहराच्या दक्षिणेला वाळवंटात अमेरिकन फौजेचा तळ होता आणि तिथल्या लॉन्ड्रीचं कंत्राट आमच्या कंपनीकडे. मी सुपरवायझर. कमालभाई काउंटरवर, अठरा वर्षं. अफगाणिस्तानात जाणारे शिपाई चार दिवस इथे थांबायचे, कपडे टाकायचे. नग समोरासमोर मोजायचे, चिठ्ठी फाडायची, नेताना सही. कधी अचानक विमान लागायचं आणि एखादा दोस्तच पिशवी उचलून न्यायचा. मग पिशवीच्या मालकाच्या नावाची सही कमालभाई ठोकून द्यायचे.

"अर्धी अमेरिकन फौज तुमच्या सहीवर धुऊन निघाली, कमालभाई," मी म्हणायचो. ते हसायचे.

आता वीस वर्षांची, त्यांच्याच घरच्यांना नकोशी झालेली लढाई आटोपत होती. कँटीनच्या टीव्हीवर दिवसभर काबूलचा विमानतळ. परतलेली पोरं टीव्हीकडे पाठ करून जेवायची. काउंटरवर कुणी नगही मोजून घेत नव्हतं. आमचंही कंत्राट बंद होत होतं. अट एकच, रजिस्टरमध्ये एकही पिशवी शिल्लक नको. त्याशिवाय कुणालाच सोडपत्र नाही.

शिल्लक एक. नंबर ४१७, हॅरल्सन, नग चौदा, सन २०१०.

तळाच्या ऑफिसने ती घेतली नाही. "तो परत आलेला नाही," एवढंच तिथली बाई म्हणाली आणि तिने खिडकी ओढून घेतली.

अकरा वर्षं फळीवर पडलेली पिशवी. मी हात लावला, तर ओली.

वर पाइप होता. मी शिडी लावून तपासला. ठणठणीत कोरडा. मग कपडे ड्रायरमधून काढून माझ्या कपाटात ठेवले, कुलूप लावलं. बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री. सकाळी पाहिलं, तर पिशवीतून पाणी ठिबकत होतं. पँटच्या गुडघ्यांना काळा, चिकट चिखल. असा चिखल मी पंधरा वर्षांत कुवेतमध्ये कुठे पाहिलेला नाही.

"हे कधीपासून?" मी कमालभाईंना विचारलं.

"पहिल्यांदा वर्षातनं एकदा, थंडीत. मी धुवायचो, वाळवायचो. हल्ली रोज."

"मला सांगितलं का नाहीत?"

"सांगून काय, सुदेशसाहेब? तुम्ही पाइपच बघितला असता."

मी रजिस्टर पुढे सरकवलं. "ठोका सही. अठरा वर्षं ठोकताय, त्यात ही एक."

"ती वेगळी होती. कपडे कोणतरी नेलेले असायचे. माणूस होता कुठेतरी." पेन त्यांनी उचललं नाही. "ह्याची सही मी केली, तर कपडे नेले कोणी?"

"अफ्रीनची परीक्षा कधी आहे?" मी विचारलं.

असं विचारायला नको होतं. पण लागू पडलं.

त्यांनी सही केली. त्याखाली माझी. दुसऱ्या दिवशी पिशवी शेडमध्ये कुठेच नव्हती. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. गुरुवारी सोडपत्र आलं. ते शर्टाच्या खिशात ठेवून कमालभाई निघाले. रविवारी मंगफच्या एका लॉन्ड्रीत ते रुजू व्हायचे होते.

रविवारी दुपारी अफ्रीनचा फोन आला. "अंकल, अब्बा तुमच्याकडे आहेत? ही नेव्हर रीच्ड."

सिव्हिल आयडी घरी. फोन बंद. हॉस्पिटलांत नाहीत, सरहद्दीवर नोंद नाही.

चौथ्या दिवशी मी शेडची किल्ली परत द्यायला गेलो. मशिनं नेलेली, भिंती मोकळ्या. काउंटर तेवढा राहिला होता.

त्यावर ४१७.

पहिल्यांदाच कोरडी. कडक इस्त्रीची.

सवयीने मी मोजायला घेतलं. चौदा नग. त्यांच्याखाली पंधरावा, कमालभाईंचा निळ्या चौकड्यांचा शर्ट. कोपरांना काळा चिखल. खिशात सोडपत्र, घडीही न मोडलेलं.

चिठ्ठी नवी होती. अक्षर कमालभाईंचं.

नग सोळा.

मी पुन्हा मोजले. पंधराच भरले.

शेडमधला पंखासुद्धा मशिनांबरोबर काढून नेलेला होता. घाम पुसायला मी मानेकडे हात नेला.

कॉलर बर्फासारखी गार होती. माझ्या अंगातला शर्ट पाठीवर खालपर्यंत भिजला होता, आणि ओल्या मातीचा वास येत होता.